मंत्र्यांना टॅग केलं, उत्तर अवर सचिवांचं आलं: केंद्र सरकारचा निर्णय नेमका घेतं कोण?

या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना वारंवार येणारं "म्हणजे" आणि मागे वाजलेल्या कुकरच्या दोन शिट्ट्या काढल्यात, बाकी भाग जसा ऐकलात तसाच आहे. ज्यांना ऑफिसात हेडफोन लावता येत नाहीत त्यांच्यासाठी खास.

आजचा विषय आहे केंद्र सरकारची कार्यपालिका. पंतप्रधान, त्यांचे मंत्री आणि त्यांच्याखाली काम करणारी सगळी यंत्रणा. हे ऐकून शाळेतलं नागरिकशास्त्राचं ते पातळ पुस्तक आठवलं असेल. मलाही ते परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरतंच माहीत होतं. मग घरात एक प्रकरण झालं आणि मला हा विषय पहिल्यापासून शिकावा लागला. तर आधी ते प्रकरण.

आईची पेन्शन

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी ते गेले. त्यानंतर आईला फॅमिली पेन्शन सुरू व्हायला हवी होती. ती झाली नाही. कारण एवढंच होतं की पेन्शनच्या आदेशावर, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात, आईचं लग्नात बदललेलं नाव होतं आणि आधार कार्डावर आणि बँकेत माहेरचं. आपल्याकडे हे किती घरांत असेल विचार करा. बँक म्हणायची कार्यालयाकडे जा, कार्यालय म्हणायचं बँकेकडे जा. असे आठ महिने गेले. आई तोपर्यंत ठेवीवरच्या व्याजावर घर चालवत होती आणि मला काही बोलत नव्हती. एकदा तिने औषधाच्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केल्याचं माझ्या लक्षात आलं, आणि माझं डोकं सटकलं.

मग मी आपल्या पिढीचा उपाय केला. एका केंद्रीय मंत्र्यांना टॅग करून मोठी पोस्ट टाकली. चाळीसेक लाइक आले, दोघांनी "सेम हिअर भावा" लिहिलं, आणि पोस्ट खाली सरकत गेली. पुढे मी त्यांच्या मंत्रालयाला रीतसर पत्रही पाठवलं. दीड महिन्याने उत्तर आलं. इंग्रजीत होतं, मराठीत त्याचा अर्थ असा: मला असे कळविण्याचे निर्देश आहेत की, आपला विषय या मंत्रालयाकडे येत नाही, सबब अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. खाली सही अवर सचिवांची.

आईने पत्र हातात घेतलं आणि विचारलं, "अरे, तू मंत्र्यांना लिहिलं होतंस ना? मग हे कोण? आणि यांना निर्देश कोणी दिले?"

मी चार वर्षं इंजिनीअरिंग केलंय आणि मला या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. आजचा भाग म्हणजे आईला द्यायचं राहिलेलं ते उत्तर.

कागदावर सगळी सत्ता एकाच व्यक्तीची

सुरुवात सर्वात वरून करू. राज्यघटनेचं कलम ५३ सांगतं की केंद्राचे कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींकडे असतात. कलम ७७ सांगतं की केंद्र सरकारचं प्रत्येक कार्यकारी काम राष्ट्रपतींच्या नावाने होईल. म्हणजे दिल्लीतल्या एखाद्या खात्याने खुर्च्या विकत घेण्याचा करार केला तरी तो राष्ट्रपतींच्या वतीने होतो. आपल्याकडे राज्यातही हेच आहे. शासन निर्णय, म्हणजे जीआर, कधी शेवटपर्यंत वाचला असेल तर खाली "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असं दिसलं असेल. त्याच्याही खाली एखाद्या उपसचिवांची किंवा अवर सचिवांची सही असते.

पण राष्ट्रपती स्वतः ठरवत नाहीत. कलम ७४ म्हणतं की त्यांना मदत आणि सल्ला द्यायला पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असेल. हा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट लिहिलं. दोन वर्षांनी ४४ व्या दुरुस्तीने एक छोटी सोय ठेवली: राष्ट्रपती तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. पुन्हा तोच सल्ला आला तर मात्र मानावाच लागतो.

ही सोय फक्त शोभेची आहे का? तसं नाही. १९९७ मध्ये केंद्राने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस केली होती. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी ती परत पाठवली आणि सरकारने तो विषय सोडून दिला.

मंत्री सगळे, कॅबिनेट थोडे

बातम्यांमध्ये "मंत्रिमंडळ" आणि "कॅबिनेट" हे शब्द एकाच अर्थाने येतात. पण मंत्रिपरिषद मोठी असते आणि कॅबिनेट तिच्यातला आतला गट.

९ जून २०२४ ला केंद्रात शपथविधी झाला तेव्हाचा हिशोब बघा. पंतप्रधान, ३० कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र प्रभार असलेले ५ राज्यमंत्री आणि ३६ राज्यमंत्री. एकूण ७२. यातले साधे राज्यमंत्री एखाद्या कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली काम करतात. स्वतंत्र प्रभारवाल्यांचं खातं त्यांचं स्वतःचं असतं, वर दुसरा कॅबिनेट मंत्री नसतो. पण कॅबिनेटच्या बैठकीला ते एरवी बसत नाहीत, त्यांच्या खात्याचा विषय असेल आणि बोलावलं तर जातात.

हा आकडा मनाला येईल तेवढा वाढवता येत नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार पंतप्रधान धरून मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या १५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. ५४३ चे १५ टक्के काढले की ८१ येतात. महाराष्ट्रात २८८ आमदार, म्हणून मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३. विस्ताराच्या बातम्यांत हा ४३ चा आकडा नेहमी येतो, तो इथून. गोव्यात ४० आमदार, १५ टक्के काढले तर फक्त ६ होतात. म्हणून लहान राज्यांसाठी निदान १२ मंत्र्यांची मुभा ठेवली आहे.

मंत्री होताना खासदार असलंच पाहिजे असंही नाही. सहा महिन्यांत कोणत्याही एका सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं, नाहीतर पद जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कलम ७५ नुसार मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. बुडाले तर सगळे एकत्र बुडतात. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकारला २६९ मतं पडली आणि विरोधात २७०. एका मताने अख्खं सरकार गेलं. तेव्हा कोणत्या मंत्र्याचं काम चांगलं होतं आणि कोणाचं नाही, हा प्रश्नच उरला नाही.

कोणता विषय कोणाकडे: १९६१ च्या दोन नियमावल्या

आता माझ्या चुकीकडे येतो. मी ज्या मंत्र्यांना टॅग केलं, त्यांच्याकडे माझा विषय नव्हताच. मग तो कोणाकडे होता हे कुठे लिहिलेलं असतं?

याचं उत्तर दोन नियमावल्यांमध्ये आहे. दोन्ही १४ जानेवारी १९६१ च्या. घटनेच्या कलम ७७ च्या तिसऱ्या पोटकलमाखाली राष्ट्रपतींनी केलेल्या. पहिली कामकाज वाटपाची: कोणता विषय कोणत्या मंत्रालयाच्या कोणत्या विभागाकडे, याची भलीमोठी यादी. दुसरी कामकाज चालवण्याची: कोणता निर्णय कोणत्या पातळीवर घ्यायचा, कोणाला विचारून घ्यायचा, आणि कोणता निर्णय कॅबिनेटपुढे नेलाच पाहिजे. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर पहिली म्हणजे कोणतं मॉड्यूल कोणत्या टीमकडे, आणि दुसरी म्हणजे कोणाला कुठपर्यंत ॲक्सेस.

पहिल्या यादीचं एक आपल्याकडचं उदाहरण घेऊ. उसाची एफआरपी. कोल्हापूर, सांगली, नगरच्या मंडळींना सांगायला नको, एफआरपी म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर. ऊस शेतात पिकतो, तेव्हा हे कृषी मंत्र्यांचं काम असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात शिफारस करतो कृषी खर्च आणि मूल्य आयोग, जो कृषी मंत्रालयाखाली आहे. पण साखर हा विषय अन्न आणि सार्वजनिक वितरण विभागाकडे आहे, म्हणून प्रस्ताव तो विभाग तयार करतो. आणि मंजुरी देते आर्थिक व्यवहारविषयक कॅबिनेट समिती, जिचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरले ते याच वाटेने. मग आपण आंदोलनाचं निवेदन फक्त कृषी मंत्र्यांना दिलं, तर ते अर्ध्याच रस्त्यावर पोचतं.

ही वाटणी पंतप्रधानांच्या सल्ल्याने बदलता येते, त्यासाठी संसदेत कायदा करावा लागत नाही. जुलै २०२१ मध्ये वेगळं सहकार मंत्रालय झालं. त्याआधी सहकार हा कृषी मंत्रालयातला विषय होता. त्या यादीत दुरुस्ती झाली आणि नवीन मंत्रालय उभं राहिलं.

आणि पेन्शन? केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचे नियम ठरवणारा विभाग कार्मिक मंत्रालयात येतो, आणि ते खातं पंतप्रधानांनी स्वतःकडे ठेवलेलं आहे. म्हणजे मी टॅग करताना पत्ताच चुकवला होता. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता पंतप्रधानांना टॅग करणारेस का?" थांबा, तिथेही यायचंय.

फाइल वर कशी चढते

माझ्या एका कॉलेजमित्राचे काका दिल्लीत कक्ष अधिकारी होते. आता निवृत्त होऊन नाशिकला असतात. त्यांच्याकडे जाऊन मी दोन तास बसलो. त्यांनी वहीच्या पानावर एक जिना काढून दाखवला.

सर्वात खाली सहायक. त्याच्यावर कक्ष अधिकारी, मग अवर सचिव, मग उपसचिव किंवा संचालक, मग सहसचिव, अतिरिक्त सचिव, आणि विभागाच्या वर सचिव. सचिव हा त्या विभागाचा प्रशासकीय प्रमुख. त्यांच्यावर मंत्री. आता बहुतेक फायली कॉम्प्युटरवर असतात, पण जिना तोच आहे. प्रत्येक पायरीवरचा माणूस आपलं मत टिपणीत लिहितो आणि वर सरकवतो.

"काका, मग सगळ्या फायली मंत्र्यांपर्यंत जातात का?" मी विचारलं.

ते हसले. "तसं झालं तर मंत्री झोपणार कधी? नियम काय सांगतो, खात्याचं सगळं काम मंत्र्यांच्या निर्देशाने चालेल. पण निर्देश म्हणजे प्रत्येक फाइलवर सही नव्हे. अमुक प्रकारचं काम अमुक पातळीवर संपवा, हे मंत्र्यांनी आधीच ठरवून दिलेलं असतं. रोजचं बरंचसं काम खालच्या पायऱ्यांवरच संपतं."

इथे आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. अवर सचिव आणि त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना राष्ट्रपतींच्या नावाने निघणाऱ्या आदेशावर सही करून तो प्रमाणित करण्याचा अधिकार दिलेला असतो. "मला निर्देश आहेत" या वाक्यात बोलणारा माणूस अवर सचिव असतो, पण निर्णय त्याचा एकट्याचा नसतो, सरकारचा असतो. म्हणूनच ते वाक्य इतकं बिनचेहऱ्याचं वाटतं. ते तसं असायचा एक फायदाही आहे. उद्या ते अधिकारी बदलून गेले तरी सरकारने लिहून दिलेलं सरकारवर राहतंच.

कॅबिनेटपुढे काय जातं

मोठे विषय मात्र जिन्याच्याही वर जातात. कामकाजाच्या नियमांना एक परिशिष्ट जोडलेलं आहे, त्यात कॅबिनेटपुढे न्यायच्या विषयांची यादी आहे. नवा कायदा आणायचा असेल, दोन मंत्रालयांचं एकमत होत नसेल, वगैरे.

पद्धत साधारण अशी. ज्या खात्याचा विषय, ते खातं "कॅबिनेट नोट" तयार करतं. मसुदा संबंधित सगळ्या मंत्रालयांना जातो. पैसे लागणार असतील तर अर्थ मंत्रालयाला विचारावंच लागतं, कायद्याचा प्रश्न असेल तर विधी मंत्रालयाला. कोणी विरोध केला असेल तर तो विरोधही नोटमध्ये लिहावा लागतो. मग खात्याच्या मंत्र्यांची मंजुरी, मग कॅबिनेट सचिवालय, मग बैठक. बैठकीत काय ठरलं याचं इतिवृत्त लिहिलं जातं.

सगळे विषय पूर्ण कॅबिनेटपुढे येत नाहीत. त्यासाठी समित्या आहेत. सुरक्षाविषयक समितीत पंतप्रधानांबरोबर संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र मंत्री असतात. नियुक्त्यांच्या समितीत फक्त दोघं: पंतप्रधान आणि गृहमंत्री. देशातल्या वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांच्या नेमणुका ही दोन माणसांची समिती करते.

एवढा खटाटोप कशाला, असं मलाही वाटलं. आमच्याकडे स्टार्टअपमध्ये एका मीटिंगमध्ये निर्णय होतो आणि संध्याकाळी कोड लाइव्ह. पण दुसऱ्याने बघितल्याशिवाय थेट प्रॉडक्शनवर कोड ढकलला की काय होतं, तेही आम्हाला माहीत आहे. कॅबिनेट म्हणजे तसा रिव्ह्यू आहे. निर्णय जाहीर होण्याआधी तो वेगवेगळ्या खात्यांच्या नजरेखालून जावा. आणि एकदा निर्णय झाला की तो सगळ्यांचा. बाहेर येऊन "मी विरोध केला होता" म्हणायची सोय नाही, पटत नसेल तर राजीनामा द्यायचा.

पण तो रिव्ह्यू झालाच नाही तर?

"कॅबिनेट बसली होती का?"

हा प्रश्न विचारणारी मोठी माणसं आपल्याकडचीच आहेत. हे मला वाचताना कळलं आणि या भागातली माझी सर्वात आवडती माहिती हीच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे कारण आपण शाळेत शिकलो. पण राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी आणखी एक तक्रार मांडली होती, ती सरकार चालवण्याच्या पद्धतीबद्दल. महत्त्वाच्या समित्यांवर आपल्याला घेतलं नाही, आणि खरे निर्णय समित्यांतच होत असल्यामुळे कॅबिनेट म्हणजे झालेल्या निर्णयांची नोंद करणारं कार्यालय बनलंय, असा त्यांचा मुद्दा होता. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष हे सांगत होता, घटना लागू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

दुसरे चिंतामणराव देशमुख. कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे खासदार आणि देशाचे अर्थमंत्री. १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला तो मुंबईसाठी, हे संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात आपण वाचतो. पण लोकसभेतल्या त्यांच्या निवेदनात मुंबई केंद्रशासित करण्याला विरोध होता तसाच तो निर्णय ज्या रीतीने झाला त्यालाही होता. जून १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी तो जाहीर केला, पण कॅबिनेटमध्ये त्याचा रीतसर विचारच झाला नव्हता, असा त्यांचा आरोप होता. नेहरूंना तो मान्य नव्हता. पण एक अर्थमंत्री भर लोकसभेत पंतप्रधानांना विचारत होता, की हा निर्णय कॅबिनेटचा कधी झाला?

मग २५ जून १९७५. इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी रात्री उशिरा आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. कॅबिनेटची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, म्हणजे आणीबाणी लागू झाल्यानंतर. राष्ट्रपतींना दिलेल्या पत्रात पंतप्रधानांनी एका नियमाचा आधार घेतला होता: कामकाजाच्या नियमावलीतला नियम १२. हा नियम म्हणतो की पंतप्रधान गरज वाटल्यास या नियमांपासून हटायची परवानगी देऊ शकतात. थोडक्यात, रिव्ह्यू बाजूला ठेवायचं बटण.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने यावर इलाज केला. आणीबाणी जाहीर करायची तर कॅबिनेटचा निर्णय लेखी स्वरूपात राष्ट्रपतींना कळवलेला असलाच पाहिजे, असं कलम ३५२ मध्ये घातलं. गंमत बघा, तोपर्यंत "कॅबिनेट" हा शब्दच घटनेत नव्हता. तो आला तो अशा रीतीने, कॅबिनेटला न विचारता झालेल्या निर्णयाची जखम म्हणून.

पण नियम १२ गेला नाही. तो दरवाजा फक्त आणीबाणीपुरता बंद झाला. आणि पुढचं तर तुम्हाला आठवतच असेल. २३ नोव्हेंबर २०१९. आपण उठलो, फोन उघडला, आणि देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि अजित पवार उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेत होते. पहाटेचा शपथविधी. त्या आधी राज्यात राष्ट्रपती राजवट होती, ती उठवल्याची अधिसूचना पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांची. राजवट उठवायला कॅबिनेटची शिफारस लागते. एवढ्या पहाटे कॅबिनेट कुठे बसली होती? बसलीच नव्हती. नियम १२ वापरला होता. अशा वेळी कॅबिनेटची मंजुरी मागाहून घेतात.

तेव्हा मी कॉलेज संपवून पहिल्या नोकरीत होतो. दिवसभर मीम पाठवले. नियम १२ हा शब्द त्या दिवशी बातम्यांत होता, पण तो काय आहे हे बघायची मला गरज वाटली नव्हती.

मला इथे पक्षाची बाजू घ्यायची नाही. नियम १२ बेकायदा नाही. युद्ध, महापूर अशा वेळी बैठकीची वाट बघणं परवडणारं नसतं, त्यासाठी तो असावाच लागतो. १९७५ आणि २०१९ एकाच मापाच्या घटना आहेत असंही मी म्हणत नाही. एकीत देशभरातल्या लोकांना तुरुंगात टाकलं गेलं, दुसरीत तीन दिवसांत मुख्यमंत्र्यांचा राजीनामा झाला. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. नंतर मिळालेली मंजुरी म्हणजे झालेल्या कामावरचा शिक्का. "थांबा, याचा विचार केलाय का?" असं विचारायची जी एक वेळ असते, ती निघून गेलेली असते.

म्हणून मला वाटतं, कोण मंत्री झाला यावर आपण जेवढं बोलतो, त्याच्या निम्मं जरी निर्णय कोणत्या वाटेने झाला यावर बोललो तरी खूप आहे. खुर्चीवरचा माणूस बदलतो. वाट तीच राहते, आणि ती सोडली की फटका आपल्याला बसतो.

मग आईचं काय झालं?

काकांनी शेवटी मला एवढंच विचारलं, "तुझ्या कामाचा निर्णय कोणाच्या पातळीवर होतो ते बघितलंस का?" मी नव्हतं बघितलं. मी थेट जिन्याच्या वरच्या टोकाला दगड मारत होतो.

निर्णय घ्यायचा होता बाबांच्या शेवटच्या कार्यालयाच्या कार्यालय प्रमुखांनी. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत याचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला आणि पीपीओ दुरुस्तीचा अर्ज त्यांच्याकडे द्यायचा होता, पुढे ते वेतन आणि लेखा कार्यालयाकडे पाठवणार आणि मग दुरुस्त आदेश बँकेत येणार. पंतप्रधानांनाही नाही आणि मी टॅग केलेल्या मंत्र्यांनाही नाही.

मी अर्ज नव्याने लिहिला. रडगाणं काढून टाकलं, पीपीओ क्रमांक टाकला, कोणता दस्तऐवज जोडलाय ते एकेक करून लिहिलं, आणि पोच घेतली. महिनाभर काही झालं नाही, तेव्हा माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारला: माझा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यावर कोणत्या तारखेला काय टिपणी झाली? त्यानंतर फाइल हलली. पेन्शन थकबाकीसकट सुरू झाली. एकूण चौदा महिने लागले. त्यातले दहा माझ्या अज्ञानात आणि त्यांच्या टोलवाटोलवीत गेले, किती कोणाचे ते तुम्हीच वाटून घ्या.

पहिला मेसेज बँकेचा आला तेव्हा आईने तो दोनदा वाचला. मग ते जुनं पत्र फाइलमधून काढलं, अवर सचिवांच्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे यांनी खरं सांगितलं होतं. आपलं काम यांच्याकडे नव्हतंच."

बस, आजच्या भागात एवढंच. तुमचं एखादं काम केंद्र सरकारच्या कुठल्या खात्यात अडकलं असेल, तर पोस्ट टाकण्याआधी कामकाज वाटपाची ती यादी उघडा. कॅबिनेट सचिवालयाच्या वेबसाइटवर फुकट मिळते. आपला विषय शोधा, विभागाचं नाव लिहून घ्या आणि निर्णय कोणत्या पातळीवर होतो ते विचारा. नंतर टॅग करायचं तर खुशाल करा, पण पत्ता बरोबर घाला.

पुढच्या भागात माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, ते पाहू. तोपर्यंत हा भाग घरातल्या त्या एका माणसाला पाठवा, ज्याच्या टेबलाच्या खणात सरकारी पत्रांची पिशवी आहे. प्रत्येक घरात एक असतो. भेटू!